घर बरोबर घेऊन

प्रवास या शब्दाचा मूळ अर्थच घर सोडून दूर वास करणे असा आहे, आणि आपल्या पूर्वजांनी या गोष्टीचे फारसे कौतुक केलेले दिसत नाही. निघणाऱ्याच्या हातावर दही घालावयाचे, त्याने 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणावयाचे, उंबऱ्याबाहेर पाऊल पडल्यावर त्याला मागून हाक मारावयाची नाही, हे सारे संकेत ज्या समाजाने निर्माण केले, त्याने घर आणि वाट यांचे कधी पटत नाही अशी खूणगाठ मनाशी बांधलेली असली पाहिजे. म्हणून घरालाच चाके बसवून ते बरोबर घेऊन हिंडावयाचे ही कल्पना प्रथम माझ्या कानी आली तेव्हा ती मला सोयीची वाटण्यापेक्षा चमत्कारिक अधिक वाटली. निसर्गाने ही सवलत कासव आणि गोगलगाय या दोन प्राण्यांना देऊ केली आहे, आणि तिच्यासाठी त्यांना काय किंमत मोजावी लागते ते त्यांच्या चालीवरून कोणालाही दिसण्यासारखे आहे.

तथापि दिवस अशा घरांचे आले आहेत खरे. 'कारवान' हा फारसी शब्द उंटांच्या तांड्याबरोबर जगभर हिंडला आणि इंग्रजी पोशाख चढवून 'कॅराव्हॅन' या नावाने आपल्याकडे परत आला. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली या फिरत्या घरांच्या पर्यटनासाठी एक धोरणही जाहीर केले. गेल्या मार्गशीर्षात माझ्या पुतण्याने अशी एक गाडी बारा दिवसांसाठी भाड्याने ठरविली आणि अलिबागेपासून मालवणपर्यंत कोकणचा किनारा पाहावयाचा असा बेत आखला. गाडीत तो, मी आणि माझी पत्नी. गाडीची लांबी सुमारे वीस फूट. आत दोन बिछाने, तिसरा घडीचा, गॅसची शेगडी, लहानसा फ्रीज, पाण्याची टाकी आणि कपाटाएवढी मोरी. माझ्या पत्नीने आत शिरताच मिसळणाचा डबा कोठे राहील ते ठरवून टाकले आणि चपला दाराबाहेर काढण्याचा हुकूम सोडला. त्या क्षणापासून गाडीचे घर झाले.

या सामानाखेरीज माझ्या पिशवीत एक पाकीट होते. पूर्णगडच्या खाडीकाठी एका वाडीत आमचे वडिलार्जित घर आहे. गेली अकरा वर्षे ते कुलपात आहे. वाटेकरी पाच, दोघे मुंबईस, एक बंगळूरला, एक परदेशी आणि पाचवा मी. घराला गिऱ्हाईक आले होते, किंमत ठरली होती, चौघांच्या सह्या झाल्या होत्या. वाटेत घर एकदा डोळ्यांखालून घालावे, सही करावी आणि पाकीट पोस्टात टाकून पुढे मालवणला जावे, असा सरळ हिशेब होता. एक घर बरोबर घेऊन दुसरे विकावयास निघालेला मनुष्य हा विनोदाचा विषय आहे, हे माझ्या ध्यानात पुष्कळ पुढे आले.

मोटारीतून कोकणचा किनारा पाहणाऱ्याला एक गोष्ट लवकरच कळून चुकते. हा प्रदेश रस्त्यासाठी घडलेला नाही. नकाशावर रेवसपासून रेडीपर्यंत समुद्राच्या कडेने एक रेघ ओढलेली दिसते. परंतु सह्याद्रीवरून उतरलेली प्रत्येक नदी त्या रेघेला आडवी येते आणि मुखाशी येईपर्यंत तिची अशी रुंद खाडी झालेली असते की, एकतर पाचपन्नास मैलांचा वळसा घ्यावा किंवा काठावर स्वस्थ उभे राहावे. काही खाड्यांवर पूल झाले आहेत. परंतु आमच्या वाटेवर आगरदांडा, बागमांडला, दाभोळ आणि तवसाळ या चार ठिकाणी गाडी फेरीबोटीवर चढवूनच पलीकडे जावे लागले. आमचे घर मोटारीवर, मोटार बोटीवर आणि बोट पाण्यावर अशी उतरंड प्रथम रचली गेली तेव्हा माझ्या पत्नीने शेगडीवरचे दुधाचे पातेले दोन्ही हातांनी धरून ठेवले होते.

बोटीची वाट पाहत काठावर उभे असताना समोर किंवा बाजूस बहुधा एखादा किल्ला दिसे. राजपुरीच्या खाडीच्या तोंडाशी जंजिरा, सावित्रीच्या मुखाशी बाणकोट, वाशिष्ठीच्या मुखावर अंजनवेलचा गोपाळगड, शास्त्रीच्या मुखावर जयगड, मुचकुंदीच्या मुखावर पूर्णगड. जेथे आम्हांला थांबावे लागे तेथेच किल्ले का, याचे उत्तर सोपे आहे. ज्याला आम्ही अडथळा म्हणत होतो तोच या मुलखाचा राजरस्ता होता. समुद्रावरून आलेले गलबत भरतीबरोबर खाडीत शिरावयाचे, महाड, चिपळूण, संगमेश्वर, राजापूर यांसारख्या बंदरांपर्यंत आत जावयाचे आणि तेथून माल बैलांच्या पाठीवरून घाट चढून देशावर जावयाचा. ज्याच्या हाती खाडीचे तोंड, त्याच्या हाती जकात. दाभोळचे बंदर इतके भरभराटीचे की, पोर्तुगीज सरदार अल्मेदा याने १५०८ च्या डिसेंबरात ते जाळून लुटले. या किनाऱ्यावरील वस्तीचा दर्शनी दरवाजा समुद्राकडे आहे आणि तिचे रस्ते पश्चिमेकडून पूर्वेकडे जातात. उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणारे आम्ही मोटारवाले म्हणजे घरांच्या रांगेतून परसदारांमागून परसदारे ओलांडीत चाललेले पाहुणे होतो.

मग त्या दर्शनी दारातून आत कोण कोण आले, इकडे मी अधिक लक्ष देऊ लागलो. प्रवासाच्या आरंभीच आम्ही अलिबागेजवळच्या नवगावला गेलो होतो. बेने इस्रायल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आपल्याकडील यहुदी लोकांची परंपरा सांगते की, त्यांच्या पूर्वजांचे गलबत येथे फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया एवढीच माणसे जिवंत किनाऱ्याला लागली. बुडालेल्यांना त्यांनी नवगावी मूठमाती दिली. त्यांचे धर्मग्रंथही समुद्राने गिळले. उरले ते जे तोंडपाठ होते आणि जे अंगवळणी पडले होते तेच. ते तेलाचे घाणे चालवू लागले, मराठी बोलू लागले, किहीमकर, पेणकर, रोहेकर अशी गावांची नावे त्यांनी आपल्याला जोडून घेतली. परंतु शनिवारी घाणा फिरवावयाचा नाही हे ते विसरले नाहीत. शेजाऱ्यांनी त्यांना शनवार तेली म्हटले. मला या नावात मोठा अर्थ वाटतो. आठवड्यातून एक दिवस बैल सोडून ठेवण्याइतकीच त्यांच्या घराची शिल्लक होती आणि तेवढ्यावर ते घर शतकानुशतके उभे राहिले. अलिबागेजवळ खंडाळे येथे खडकावर एक खूण आहे. ती एलियाहू या प्रेषिताच्या रथाची, असे ते श्रद्धेने मानतात. चाकांवरून मनुष्य या किनाऱ्यावर आल्याची ती पहिली कथा असावी.

१९४८ साली इस्रायलचे राष्ट्र निर्माण झाले आणि पुढील काही दशकांत यांपैकी बहुतेक कुटुंबे तिकडे निघून गेली. म्हणजे त्यांनी घर दुसऱ्यांदा सोडले. या खेपेस मात्र त्यांच्या गाठोड्यात मराठी होती. तेथे त्यांनी 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक चालविले. समुद्रातून येताना पुस्तके गेली आणि आठवण आली. परत जाताना कोकण मागे राहिले आणि कोकणची भाषा बरोबर गेली.

नवगावहून दक्षिणेस, रेवदंड्याची खाडी ओलांडली की, कोर्लईचा किल्ला लागतो. तो पोर्तुगीजांचा. १७४० च्या सुमारास मराठ्यांनी तो घेतला आणि पोर्तुगीज सत्ता तेथून उठली. तिचे सरदार गेले, तोफा गेल्या. पायथ्याशी ख्रिस्ती कोळी-शेतकऱ्यांची एक लहानशी वस्ती मागे राहिली. त्या वस्तीत आजही पोर्तुगीज आणि मराठी यांच्या संकरातून झालेली एक बोली बोलली जाते. बोलणारी माणसे हजाराच्या आसपास असतील. ते तिला 'नो लिंग' म्हणतात, म्हणजे 'आमची भाषा'. आम्ही देवळासमोरच्या मोकळ्या जागेत गाडी उभी केली तेव्हा चार मुलगे तिच्याभोवती जमले. आम्हांला उत्तरे देताना ते स्वच्छ मराठी बोलत. गाडीच्या खिडकीतून आत डोकावून एकमेकांना काही सांगताना मात्र त्यांची बोली चटकन बदले. पावणेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वी निघून गेलेल्या राज्याचे शब्द त्या मुलांच्या तोंडी खेळण्यासारखे उडत होते, आणि आपण काही जतन करीत आहोत याची त्यांना वार्ताही नव्हती.

यांच्या उलट दोन वास्तू पुढे लागल्या. जंजिरा पाहून कोणाचीही मान लवते. आफ्रिकेतून आलेल्या हबशी सिद्द्यांनी समुद्रातल्या खडकावर असे घर बांधले की, ते कोणालाही फोडता आले नाही. संभाजी महाराजांनी १६८२ साली किनाऱ्यापासून किल्ल्यापर्यंत समुद्रात दगडांचा बांध घालण्याचा उद्योग आरंभिला होता. समुद्राला रस्ता करावयास निघालेले ते धाडस, पण तेही अपुरे राहिले. याच सिद्द्यांच्या जाचाने श्रीवर्धनच्या भट घराण्याला वतनाचे गाव सोडून घाटावर जावे लागले, आणि त्यातला बाळाजी विश्वनाथ १७१३ साली पेशवा झाला. ज्याला घर सोडावे लागले त्याच्या घराण्याचा अंमल पुढे सातारा-पुण्यापासून दूरवर पसरला. ज्याने सोडावयास लाविले त्याचे संस्थान १९४८ साली विलीन झाले. आज त्या अजिंक्य तटांच्या आत कोणाचीही वस्ती नाही. दुपारच्या शेवटच्या होडीबरोबर पाहुणे परततात आणि घर रिकामे होते.

दुसरी वास्तू रत्नागिरीची. ब्रह्मदेशाचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ साली मंडालेहून पदच्युत केले आणि पुढील वर्षी रत्नागिरीस आणून ठेवले. त्याच्यासाठी टेकडीवर राजवाडा बांधण्यात आला. तो पुरा व्हावयास १९१० साल उजाडले. राजवाडा मोठा आहे, हवेशीर आहे, तेथून भाट्याची खाडी दिसते, समुद्र दिसतो. राजा त्यात सहा वर्षे राहिला आणि १९१६ च्या डिसेंबरात वारला. त्याला देहाने सुद्धा मायदेशी परतता आले नाही. त्याची कबर रत्नागिरीतच आहे. इतके ऐसपैस घर देऊनही मनुष्याला बेघर ठेवता येते, याचे याहून ठळक उदाहरण मला माहीत नाही. परंतु गोष्ट येथेच संपत नाही. त्याच्या थोरल्या मुलीचे राजवाड्यावरच्या एका मराठी नोकराशी नाते जडले. १९१९ साली राणी उरलेल्या कुटुंबासह ब्रह्मदेशी गेली. थोरली राजकन्या मात्र पुढे आपल्या मुलीला घेऊन रत्नागिरीस परतली, आणि राजाची ती नात, टूटू, मराठी बोलत, सामान्य माणसाचा संसार करीत तेथेच म्हातारी झाली. आजोबांना राजवाड्यात जे लाभले नाही ते नातीला साध्या घरात लाभले असे म्हणण्याचा मोह होतो. तिचे दारिद्र्य आठवले की, तो आवरावा लागतो. तरी एवढे खरे की, परकेपणा तिच्यापाशी येऊन थांबला.

या साऱ्या कथा मनात घोळत असताना आम्ही पूर्णगडला पोहोचलो. आमच्या वाडीला रस्ता नाही. डांबरी सडकेपासून वर घरापर्यंत जांभ्या दगडाची पाखाडी जाते. दोन्ही अंगांना गडगे, मध्ये दोन माणसे जेमतेम जातील एवढी वाट. आमचे चाकांचे घर खाली देवळापाशी थांबले. दोनशे पायऱ्या वर आमचे खरे घर होते, त्याची किल्ली माझ्या खिशात होती, आणि आम्ही रात्री निजलो ते गाडीत. कारण अकरा वर्षांची धूळ एका संध्याकाळी निघण्यासारखी नव्हती. सकाळी शेजारच्या काकू तांब्याभर दूध घेऊन खाली आल्या. गाडीच्या आत डोकावून त्यांनी बिछाने पाहिले, शेगडी पाहिली, नळाचे पाणी सोडून पाहिले. "सगळं आहे हो भाऊ," त्या म्हणाल्या, "पण ही उभी करायची कुठं?"

प्रश्न गाडीपुरताच होता. मला मात्र तो दिवसभर पुरला.

वर जाऊन कुलूप काढले. पडवीची कौले तीन ठिकाणी सरकली होती आणि ओटीवर पावसाच्या पाण्याने मातीचे नकाशे काढले होते. माजघरातला लाकडी देव्हारा रिकामा. देव मुंबईच्या चुलतभावाकडे. मागीलदारी बावीवरचा रहाट मात्र पुतण्याने हात लावताच कुरकुरत फिरला. तेवढ्यात आगराकडून गार वाऱ्याची झुळूक आली आणि मी सहज बोलून गेलो, "मतलई अजून पडली नाही." पुतण्याने मतलई म्हणजे काय असे विचारले. जमिनीवरून समुद्राकडे रात्री-पहाटे वाहणारा वारा, याच्या जोरावर होड्या बाहेर पडतात, असे मी सांगितले. मग त्याने उधाण विचारले, भांगाची भरती विचारली, खळे आणि अंगण यांत फरक काय ते विचारले. तो सव्वीस वर्षांचा आहे, पुण्यात वाढला आहे, हुशार आहे. आणि आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या बोलले गेलेले हे शब्द त्याने त्या सकाळी प्रथमच ऐकले.

तेव्हा मी मनाशी जमाखर्च मांडला. फुटलेल्या गलबतातून आलेल्या चौदा माणसांनी शनिवार वाचविला. राज्य उलटल्यावर कोर्लईच्या लोकांनी बोली वाचविली. आमचे घर कोणी जाळले नाही, कोणी बुडविले नाही, कोणा सिद्द्याने आम्हांला हुसकावले नाही. नोकऱ्यांच्या मागे आम्ही स्वखुशीने गेलो. दर मे महिन्यात येत होतो, मग एकेका वर्षाआड, मग लग्नमुंजीपुरते, मग आलोच नाही. इतक्या सवडीने घर सोडणाऱ्या माणसांनी बरोबर काय नेले? माझ्यापाशी वाऱ्याची आणि भरतीची पाचपंचवीस नावे आहेत. माझ्या पत्नीपाशी फणसाची सांदणे आणि आमसुले लावण्याची रीत आहे. तीही तिने या घरात सासूच्या हाताखाली चार उन्हाळे काढले म्हणून. आमच्या पुढच्या माणसापाशी काही नाही, आणि त्यात त्याच्याकडे बोट दाखविण्यासारखे काही नाही. त्याला कोणी दिलेच नव्हते.

घर विकू नये असा उपदेश मी कोणालाही करणार नाही. या किनाऱ्यावर कुलपे लागलेली घरे वाडीवाडीत आहेत, आणि दर पावसाळ्यात त्यांच्या भिंती थोड्या थोड्या खचतात. कोणी तरी राहावयास येत असेल तर जुन्या मालकाच्या हळवेपणासाठी ते पडू देणे हा घरावरच अन्याय आहे. दगडमातीचे घर सोडूनही माणसांना घर राखता येते, हे तर मी नवगावपासून पाहत आलो होतो. परंतु ज्यांनी ते राखले त्यांनी आधी काही तरी उचलून घेतलेले होते. रिकाम्या हाताने बाहेर पडणाऱ्याला घर विकले काय आणि राहिले काय, दोन्ही सारखेच.

संध्याकाळी मी चौघांनाही दूरध्वनी केला आणि एक वर्षाची मुदत मागितली. कौलांचा खर्च मी करीन, येता पावसाळा आम्ही दोघे येथे काढू, पुतण्याला सुट्टी मिळेल तसा तो येईल, पुढल्या मार्गशीर्षात पुन्हा बोलू. बंगळूरचा भाऊ रागावला. त्याला पैशाची खरोखरीच निकड होती आणि त्याचे म्हणणे वावगे नव्हते. गिऱ्हाईक वर्षभर थांबणार नाही असे मुंबईहून बजावण्यात आले. तसेच झाले. पंधरा दिवसांत त्याने दुसरीकडे जागा घेतली, आणि बंगळूरच्या भावाला त्याच्या वाट्याच्या रकमेपैकी काही मी सध्या माझ्या शिलकेतून दिली आहे.

मालवण त्या खेपेस राहून गेले. उरलेले चार दिवस धूळ काढण्यात गेले, आणि गाडी खाली देवळापाशी उभी राहून पाखाडीच्या पायऱ्यांकडे पाहत राहिली. वर्षाअखेर पाकिटातल्या कागदावर कदाचित माझी सही होईलही. तोपर्यंत मृग लागण्यापूर्वी कौले परतावयाची आहेत, आंबे उतरले की, सांदणे-आमसुलांची तयारी आहे, आणि पुतण्याने भरती-ओहोटीच्या तिथ्या एका वहीत लिहून घ्यावयास आरंभ केला आहे. पहिल्या पानावर त्याने मतलई हा शब्द लिहिला आहे. तो त्याने ऱ्हस्व लिहिला होता. काकूंकडून दोनदा वदवून घेऊन त्याने शेवटची ई दीर्घ केली.